अंगावरचा टी-शर्ट आणि दारातली बुलेट : शाहूपुरीतल्या एका घराचं प्रकरण

मे २०२५ मधल्या एका सकाळी एक मावशी माझ्याकडे आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत फायनान्स कंपनीच्या नोटिसा आणि सोनेतारण कर्जाची पावती. म्हणाल्या, "गाडी ओढून नेली, त्याचं मला काय न्हाई. पर पोरगं अकरा दिवस झालं उंबऱ्याच्या भाईर पडलं न्हाई. मी दमलो आता." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, 'मी आलो', 'मी दमलो'.

मी कुटुंब समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण मायलेकांच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. अशा वेळी आपण सगळे जे पहिलं वाक्य बोलतो, "ऐपत नव्हती तर बुलेट घ्यायची कशाला?", ते मीही बोलले होते. त्या वाक्यानं आमचे दोन महिने खाल्ले.

घर आणि माणसं

कोल्हापूरच्या शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या अंगाला, दोन खोल्या आणि वर पत्र्याचा माळा. मुलाचे वडील 'शिवाजी उद्यमनगर' या कारखान्यांच्या भागात टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारे कारागीर होते. त्यांनी लेथवर केलेला जॉब, म्हणजे सुटा भाग, चुकला म्हणून परत येत नाही, अशी त्यांची ख्याती होती. मुलगा लहानपणापासून गल्लीत 'टर्नरचं पोरगं' म्हणूनच ओळखला गेला. २०१६ मध्ये वडील वारले. मावशी घरीच ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात. थोरली मुलगी गडहिंग्लजकडे दिलेली. मुलगा आयटीआय करून शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनचा ऑपरेटर म्हणून लागला. काम कायम स्वरूपाचं, पण तो मात्र कॉन्ट्रॅक्टरच्या पटावर. बारा तासांची पाळी, हातात साडेअठरा हजार.

मग जुलै २०२१ चा पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५६ फुटांच्या घरात गेलं. २०१९ च्या पुरातून हे घर नुकतंच सावरलं होतं. तेव्हा पाणी कुठवर आलं होतं ती खूण भिंतीवर होती, म्हणून सामान त्या खुणेच्या वर चढवून माणसं बाहेर पडली. पाणी खुणेच्याही वर गेलं. मागची भिंत पडली आणि मांडणीवरची भांडी नाल्यात गेली. ओसरल्यावर गल्लीत दोन्ही बाजूंना गाद्या, कपाटं, फ्रीज, वह्या-पुस्तकं यांचे ढीग लागले, आणि महापालिकेच्या गाड्या ते भरभरून झूमला, म्हणजे शहराच्या कचरा डेपोला नेत होत्या.

एका घराच्या दोन याद्या

त्या ऑगस्टमध्ये आम्ही काही जण मदतवाटप करत होतो. मी घरोघरी जाऊन 'काय काय गेलं' ते वहीत लिहून घेत होते. ही वही माझ्याकडे अजून आहे. या प्रकरणाच्या निमित्तानं ती काढली तेव्हा याच घराचं पान सापडलं. मावशींनी सांगितलेलं आधी, मुलानं सांगितलेलं खाली.

मावशींची यादी: रुखवतातली नाव घातलेली भांडी, पितळी बंब, मालकांचा फोटो, शिलाई मशीन. मुलाची यादी: टीव्ही, फ्रीज, मोबाईल, बूट, दोन जीन्स.

नाव घातलेली भांडी हा प्रकार आपल्याला सांगावा लागत नाही. तांब्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं मामाचं नाव, 'सप्रेम भेट', लग्नाची तारीख. शेजारी वाटी गेली तरी कुणाची ते कळतं आणि परत येते. मावशींच्या माहेरची माणसं एकेक करून गेली, पण त्यांची नावं मांडणीवर होती. पाणी भरताना, डाळ शिजवताना रोज हाताखालून जायची. त्या भांड्यांबरोबर त्यांचं माहेर दुसऱ्यांदा गेलं, असं मी त्या वेळी वहीत समासात लिहिलं होतं. मुलाच्या यादीपुढे मात्र मी काहीच लिहिलेलं नाही. बूट आणि जीन्स! त्या वयाच्या पोरानं दुसरं काय सांगायचं, असं मला तेव्हा वाटलं असणार. आता ती रिकामी जागा बघून वाईट वाटतं.

माणूस आणि वस्तू यांचं नातं विचारवंतांनी फार आधी ओळखलं होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १८९० मध्येच मांडलं की माणूस ज्याला ज्याला 'माझं' म्हणतो त्या सगळ्याची बेरीज म्हणजे त्याचा 'मी'. कपडे, घर, पूर्वज, मित्र, घोडे, बँकेतले पैसेही त्यात आले. ते वाढलं की माणूस फुलतो, घटलं की खचतो. रसेल बेल्क या अभ्यासकानं १९८८ मध्ये हाच धागा पुढे नेला. वस्तू म्हणजे आपल्या 'मी'चाच पसरलेला भाग, असं त्याचं म्हणणं. म्हणून चोरीत किंवा आपत्तीत वस्तू गेली की माणूस स्वतःचा तुकडा गेल्यासारखा शोक करतो. मावशींचं दुःख या मांडणीत नेमकं बसतं. मुलाचं बसत नव्हतं. गेलेल्या टीव्हीचा किंवा बुटांचा त्यानं शोक केला नव्हता. त्याच्या बाबतीत दुसरंच काही घडलं होतं आणि ते वस्तू जाण्यात नव्हतं.

दिवाळी ते दसरा

सरकारकडून १० हजारांचं सानुग्रह अनुदान आलं, ते भिंतीत गेलं. त्या दिवाळीत मुलानं टीव्ही, फ्रीज आणि वॉशिंग मशीन एकदम आणलं, सगळं हप्त्यावर. पाठोपाठ मोबाईल. मावशी सांगतात, "घर चकाचक झालं, पर मला लॉजवर ऱ्हाइल्यागत वाटायचं. एका जिनसावर कुणाचं नाव न्हाई."

पुढच्या वर्षी, ५ ऑक्टोबर २०२२ ला, दसऱ्याच्या मुहूर्तावर बुलेट काढली. सुनेसाठी राखून ठेवलेला मावशींचा कोल्हापुरी साज बँकेत ठेवून ४० हजार उभे केले. मोडला नाही, ठेवला. मावशी हा फरक आजही ठासून सांगतात. मोडला की वस्तू गेली. ठेवला की ती आपलीच, फक्त दुसऱ्याच्या कपाटात. उरलेले १ लाख ९० हजार कर्ज, महिना ५,३०० प्रमाणे ४८ हप्ते. टीव्ही-फ्रीजचे ३,१०० आणि मोबाईलचे २,४०० मिळवले तर साडेअठरा हजारांतले १०,८०० पहिल्या आठवड्यातच जायचे. खर्च मावशींच्या शिलाईवर चालायचा.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण उपदेश करणारे ती नेहमी गाळतात. बुलेटनं काम केलं. दोन वर्षं खरोखर केलं. तालमीतली, म्हणजे गल्लीतल्या मंडळातली पोरं 'टर्नरचं पोरगं' सोडून 'बुलेटवाला' म्हणायला लागली. मिरवणुकीत पुढं गाडी लावायला त्याला बोलावणं यायचं. स्थळं येऊ लागली. बायोडाटात 'स्वतःची गाडी' लिहिता आलं. तो ताठ चालायला लागला, आईशी हसून बोलायला लागला, मामेभावाच्या लग्नात स्वतःहून नाचला. हे सगळं मावशींनीच सांगितलं. ज्या वस्तूनं एवढं दिलं तिला 'खोटा मोठेपणा' म्हणून निकालात काढणं मला आता जमत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये कॉन्ट्रॅक्टरनं पट कमी केला आणि त्यात याचं नाव गेलं. जानेवारीचा २७ वा हप्ता कसाबसा भरला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल बाउन्स झाले. प्रत्येक बाउन्सला दंड, रोज फोन, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत गेली ती वेगळीच. मे महिन्यात एका संध्याकाळी तिघे जण आले आणि गाडी घेऊन गेले. तालमीच्या कट्ट्यावर पोरं बसलेली होती. कुणी काही बोललं नाही. तो घरात गेला, दार लावलं, ते लावलंच.

मी काय केलं

सुरुवातीला मी तेच केलं जे करायला शिकले आहे. वहीत दोन रकाने आखले: गरज आणि हौस. हप्त्यांचा हिशेब मांडला. तो सगळ्याला मान हलवायचा. हुशार पोरगा आहे, आकडे त्याला माझ्यापेक्षा आधी कळायचे. "होय मॅडम, चूक झाली" एवढंच बोलायचा. पुढच्या भेटीला पुन्हा तोच चेहरा.

मग मला वाटलं, वडिलांच्या वस्तूंकडे वळवावं. त्यांची हत्यारांची पेटी पुरातून वाचली होती. त्यात एक मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार होतं, वडिलांच्या नावाची अक्षरं पंच मारून उमटवलेलं. माझ्या मनात एक सुंदर चित्र तयार होतं: पोरगं ते हातात घेईल, बापाची कारागिरी आठवेल, खरी ओळख सापडेल. त्यानं पेटी उघडली, मायक्रोमीटर फिरवलं आणि म्हणाला, "हे गंजलंय. शून्यावर येत न्हाई. कंपनीत सगळं डिजिटल हाय आता." पेटी बंद. जुनी वस्तू प्रेमाची आणि नवी वस्तू दिखाव्याची, ही वाटणी माझी होती. त्याच्या आयुष्यातून आलेली नव्हती. बापाचं नाव असलेली वस्तू म्हणजे त्याच्यासाठी पुन्हा 'टर्नरचं पोरगं' होणं. बुलेट काढून तो त्यातूनच तर बाहेर पडला होता.

पायताणाची गोष्ट

जुलै २०२५. त्या दिवसांत कोल्हापुरात एकच विषय होता. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं हुबेहूब कोल्हापुरी वाटणाऱ्या चपला दाखवल्या होत्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीनं प्रेरणा कुठली ते मान्य केलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. शहरात जो तो बोलत होता, ज्यांनी वर्षानुवर्षं पायात स्पोर्ट्स शूज घातलेत तेही. आपल्या वस्तूवरून आपलं नाव कुणी पुसलं की अख्ख्या गावाला किती लागतं, हे त्या महिन्यात दिसलं.

मी विषय सहज काढला. तो पहिल्यांदाच आपणहून बोलला.

"पायताण आमचं आणि नाव त्यांचं, म्हणून एवढी बोंब झाली. आणि ताई, वस्तू दुसऱ्याची आणि अंगावर आपल्या असली तर?"

मॅडमचं ताई झालं होतं. मी गप्प बसले.

ऑगस्ट २०२१. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेला हा पोरगा तीन आठवडे मदतीत आलेले कपडे घालत होता. त्यातला एक निळा टी-शर्ट, पाठीवर कुठल्याशा ट्रेकिंग ग्रुपचं चित्र, खांद्यावर इस्त्रीचा बारीक डाग. तो घालून तालमीत गेला. एका मित्रानं पाठीमागून बघितलं आणि म्हणाला, "आयला, ह्यो माझा न्हवं? मीच दिलेला." मग लगेच, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. तुलाच शोभतोय."

सगळे हसले. हाही हसला. घरी येऊन टी-शर्ट काढला आणि उघड्या अंगानं माळ्यावर बसला.

"तो वाइट बोलला न्हाई ताई," तो म्हणाला. "चांगलंच बोलला. तेच डोक्यातनं जात न्हाई. शिवी दिली आस्ती तर दोन लावल्या आस्त्या आणि विषय संपला आस्ता."

त्यानंतर त्यानं ठरवलं की घरात एकही वस्तू कुणाची वापरलेली असणार नाही. टीव्ही नवा, फ्रीज नवा, मोबाईल सीलबंद. आणि दारात अशी एक वस्तू, जी बघून 'ही कुणाची' असं कुणी विचारणार नाही. "आर.सी.वर माझं नाव हाय म्हणून रोज बघायचो. खाली फायनान्सचंबी नाव हाय, ते गाडी ओढल्यावर दिसलं."

त्याची वस्तू गेली म्हणून तो आधी खचला नव्हता. दुसऱ्याची वस्तू अंगावर आली म्हणून खचला होता. मला थोरस्टीन व्हेब्लेन हा अमेरिकन अर्थतज्ज्ञ आठवत होता, ज्यानं १८९९ मध्ये लोकांना दाखवण्यासाठी केलेल्या उधळपट्टीचा सिद्धान्त मांडला. दोन महिने मी त्याच चष्म्यातून बघत होते. या पोराला समजून घ्यायला अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ जास्त उपयोगी पडला असता. १७७६ मध्येच त्यानं लिहून ठेवलंय की जगायला लिननचा सदरा लागतोच असं नाही, पण आपल्या काळात साध्या मजुरालाही तो अंगात नसताना चारचौघांत उभं राहायची लाज वाटेल, म्हणून तो सदरा गरजेतच धरला पाहिजे. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की जातीची खूण सांगणारी लुगडं नेसायची पद्धत आणि दागिने टाका, इतर बायकांसारखं नेसा. कपडा अंगावर काय लिहून ठेवतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं होतं? मी हे सगळं वाचलेलं होतं. तरी 'गरज' आणि 'हौस' असे दोन रकाने आखून बसले, आणि चारचौघांत मान वर करून उभं राहणं कुठल्या रकान्यात टाकायचं याचा विचार केला नाही.

आणखी एक. ती गल्ली आमच्या वाटपाच्या यादीत होती. कपड्यांचे गठ्ठे सोडून, मापं बघून पिशव्या भरणाऱ्यांत मी होते. आम्ही फाटके-मळके बाजूला काढत होतो आणि त्यावर समाधानी होतो. शेजारच्या पेठेतून आलेला कपडा शेजारच्याच गल्लीत जातोय, उद्या देणारा आणि घेणारा एकाच कट्ट्यावर बसणार आहेत, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी त्याला ते सांगितलं. माफी मागितली. तो गडबडला. "तुम्ही काय केलंय ताई? तुमच्यामुळं तर अंगावर कापड आलं." मला तेवढ्यानं बरं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. आता आमच्या गटानं वापरलेले कपडे घ्यायचं बंद केलं आहे. पैसे जमवतो आणि घराला दुकानाची चिठ्ठी देतो; रंग-माप ज्याचं त्यानं निवडावं.

पुढं

व्यवहाराचा भाग थोडक्यात. लिलावाआधी कंपनीला नोटीस द्यावी लागते, थकबाकी भरून गाडी सोडवायची संधी असते आणि विक्रीतून कर्ज फिटून काही उरलं तर ते कर्जदाराचं असतं, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. बहीण गाडी सोडवायला पैसे द्यायला तयार होती. त्यानं नको म्हटलं. मी त्याला कुठल्याच बाजूनं ढकललं नाही. गाडी विकली गेली. मुद्दल, दंड आणि यार्डाचं भाडं जाता हातात काही आलं नाही, देणंही राहिलं नाही. साजावर वाढीव कर्ज देऊ, असं बँकेतून सुचवलं गेलं, कारण २०२२ च्या दसऱ्याला तोळ्यामागे पन्नास हजारांच्या आसपास असलेलं सोनं आता लाखाच्या घरात होतं. मावशींनी पावती पिशवीत परत घातली आणि उठल्या.

ऑगस्टमध्ये तो गोकुळ शिरगावला एका कारखान्यात लागला. पगार पंधराशेनं कमी, पण कंपनीच्या पटावर. जायला केएमटी, म्हणजे शहराची बस. त्याच महिन्यात पंचगंगा पुन्हा इशारा पातळीच्या वर गेली आणि मायलेकांनी सामान माळ्यावर चढवलं. मी फोन करून विचारलं, आधी काय नेलं? "आईची मशीन," तो म्हणाला, "मग टीव्ही. टीव्हीचे हप्ते फिटल्यात, आता तो आमचा हाय."

गणपतीत तो तालमीत गेला. चार महिन्यांनी. कट्ट्यावर जागा सरकवून दिली पोरांनी, गाडीचं कुणी काढलं नाही. दोन-चार दिवसांनी त्या मित्राबरोबर एकटाच असताना त्यानं विचारलं, "ते पुराच्या टायमाला तू मला टी-शर्ट दिलेलास, निळा, आठवतंय?"

मित्रानं बराच वेळ आठवून बघितलं. त्याला काहीच आठवत नव्हतं. कपडे दिलेले आठवत होते, ते आईनं पिशवीत भरलेले. कुणाच्या अंगावर काय होतं, आपण काय बोललो, काही नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय न्हाई. त्यानं वडापाव सांगितला, मी पैसे दिलं."

सध्या तो एक जुनी स्प्लेंडर बघतो आहे. गारगोटीकडच्या एका मास्तरांची आहे, रोखीनं २८ हजार सांगतात. दुसऱ्याची वापरलेली गाडी. मला त्यानं दोनदा विचारलं, घेऊ का? मी म्हटलं, आईला घेऊन जा, बसवून बघ. मागच्या रविवारी दोघं जाऊन आली. मावशींचं म्हणणं, सीट बदलून घ्यावी लागेल.